रुमालाखालचा पांढरा ठिपका

मित्रांनो, मी एक जुना लाल रुमाल आहे. सध्या माझ्यावर तेलाचे डाग आहेत, विणीत पितळेचा कीस अडकला आहे आणि एका कोपऱ्याला दातांची भोके आहेत. पण माझी दया येऊ देऊ नका. जुन्या वस्तू स्वतःची कहाणी सांगू लागल्या की 'माणसांनी आम्हाला अडगळीत टाकले' या वाक्यापाशी येऊन डोळे पुसतात. माझी तशी तक्रार नाही. मला माणसांनी फार जपले. धुतले, इस्त्री केली, भिंतीवर स्वतंत्र खिळा दिला. लाज वाटावी असे जे काही माझ्या हातून झाले, ते त्या मानाच्या दिवसांतच झाले.

जन्माने मी रुमाल नाही, पडदा आहे. एका फोटो स्टुडिओत मी भिंतीवर असायचो आणि माझ्यापुढे स्टुलावर बसून लोक हौसेचे फोटो काढून घ्यायचे. स्टुडिओचे मालक काका. त्यांनी एक काळा कोट ठेवला होता, गळ्याला टाय शिवून टाकलेला. जो येईल त्याला तो घालायचा. बारीक माणूस असेल तर काका कोट पाठीमागून कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी आवळायचे. फोटोत समोरून साहेब दिसायचा. मी मागे असल्यामुळे मला चिमटे दिसायचे. पण पडद्याने बोलायचे नसते, आणि ही सवय मला पुढे फार उपयोगी पडली.

मग प्रत्येकाच्या हातात फोन आला आणि स्टुडिओ बंद झाला. काका घरी बसले. घरात बसायला तशी जागा नव्हती, कारण त्यांची बायको रस्त्यावरची कुत्री उचलून आणायची. या बाईंना सगळी गल्ली मावशी म्हणते. गाडीखाली आलेली, मालकाने सोडून दिलेली, खरजेने केस गेलेली, अशी दहा-बारा कुत्री मागच्या अंगणात कायम असत. मावशी त्यांना बरे करायच्या आणि मग चांगली घरे शोधून द्यायच्या. दुसरे काम पहिल्यापेक्षा अवघड होते. मावशींनी काढलेल्या फोटोंत कुत्र्यांचे डोळे हिरवे चमकायचे आणि मागे बादली यायची.

"हे फोटो आहेत?" काका एकदा म्हणाले. "हे बघून माणूस कुत्रं घेणार नाही, पोलिसांना फोन करेल."

"मग तुम्ही काढा की. दुकान बंद झाल्यापासून माझ्या फोटोंना नावं ठेवायचं तेवढंच दुकान उघडं आहे तुमचं."

काकांनी कॅमेरा पुसला आणि पहिल्याच कुत्र्याकडे पाहून त्यांना कमतरता कळली. "गळा उघडा असला की माणूस गरीब दिसतो," ते म्हणाले. "कुत्रं तर जास्तच." गडबडीत कुत्र्याच्या मापाचा कोट मिळेना. तेव्हा त्यांनी माळ्यावरून मला काढले आणि माझा एक चौकोन कापला. मावशींनी मशीनवर कडा दुमडून दिल्या. माझ्या उरलेल्या कापडाची पायपुसणी झाली. त्यांचे आयुष्य माझ्यापेक्षा सरळ गेले.

पहिले गिऱ्हाईक एक लंगडा काळा कुत्रा होता. त्याच्या गळ्यावर दोरी रुतल्याची जुनी खूण होती. दीड महिना त्याला कोणी विचारले नव्हते. मला बांधून फोटो काढला, आणि दोन दिवसांत त्याला घर मिळाले. त्यानंतर प्रत्येक कुत्र्याला फोटोपुरते मला बांधायचे असा नियमच पडला. घर मिळाले की निघताना दारात नव्या माणसांसोबत एक शेवटचा फोटो व्हायचा, मग मावशी माझी गाठ सोडायच्या आणि मला खिळ्यावर टांगायच्या. पुढच्या कुत्र्यासाठी. अशी साठ कुत्री मी घराला लावली. औषध डॉक्टर देत, रात्रंदिवस मावशी राबत, आणि येणारी माणसे म्हणत, "रुमाल किती गोड दिसतो." मी ते ऐकून घेत असे. खरजेचे चट्टे, दोरीचे वण, टक्कल, सगळे मी झाकले. झाकणे म्हणजेच मदत, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

एकसष्टावी कुत्री तपकिरी होती. बाजाराच्या रस्त्यावर एका बंद टपरीसमोर ती मावशींना दिसली. चार दिवस जाता-येता त्यांनी तिला त्याच जागी बसलेले पाहिले. अंगभर काळे तेल. समोर पाव, तोही न खाल्लेला.

"चार दिवस उपाशी आहे हो," घरी आल्यावर मावशी काकांना सांगत होत्या. "पावाकडे बघतसुद्धा नव्हती. रिक्षात घातली आणि आणली."

मित्रांनो, यात एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. ती आम्हा तिघांच्या आली नाही. पाव काही आकाशातून पडत नाही. तो रोज कोणीतरी ताजा आणून ठेवत होते. दोन टपऱ्या सोडून एक पेपरवाला बसतो, त्याला विचारले असते तर सगळे कळले असते. पण मावशींच्या डोळ्यांसमोर एक दुःखी कुत्री होती, रिक्षा उभी होती, आणि चांगले काम करायला निघालेला माणूस पत्ता विचारायला थांबत नाही.

मावशींनी तिला तीनदा साबण लावला. तिसऱ्या वेळी तेल निघाले आणि तिच्या गळ्याखाली एक पांढरा ठिपका उघडा पडला. वर गोल आणि खाली लांबट, अगदी कुलपाच्या भोकासारखा. मावशी हसल्या, त्यांनी त्यावर बोट फिरवले. काका तेव्हा कॅमेऱ्याची बॅटरी शोधत होते. ते आले तोवर मी बांधला गेलो होतो. गळा अजून ओलसर होता. तो ठिपका असा मावशींनी पाहिला आणि मी. घरात तिसऱ्या कोणी नाही; फोटो सोडला तर काका कुत्र्यांच्या अंगणात फिरकत नसत.

तिचे नाव परी ठेवले. मावशींना मादी आली की परी सुचायचे. ही चौथी.

फोटो बोर्डावर लागला, फोनवरून चार ठिकाणी गेला आणि तिसऱ्या दिवशी नर्सबाई आल्या. इस्पितळातून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, बोलायला मोजक्या. मावशींचा चौदा प्रश्नांचा फॉर्म त्यांनी टपोऱ्या अक्षरात भरला. घर स्वतःचे आहे का? आहे. अंगणाला कुंपण? आहे. कुत्रा दिवसभर कुठे राहील? माझ्यासोबत. मावशींनी तो फॉर्म दोनदा वाचला, जसा कोणी मुलीसाठी आलेले स्थळ वाचतो. ठरले. आधी परीचे ऑपरेशन करून घ्यायचे, म्हणजे पुढे पिल्ले व्हायला नकोत, आणि टाके सुकले की नर्सबाईंकडे पाठवायचे.

परी डॉक्टरांकडे होती, तेव्हा तो आला.

साठीचा माणूस, एक हात पोटावर धरून वाकून चालणारा. बोटांची टोके काळी. दारातच म्हणाला, "मी किल्लीवाला. बाजारात टपरी आहे माझी. पोटाचं ऑपरेशन झालं, पंधरा दिवस दवाखान्यात होतो. माझी कुत्री हरवलीय. पेपरवाला म्हणतो एक बाई रिक्षातून घेऊन गेली. तो गिऱ्हाइकात होता, मान वर करेतो रिक्षा वळली. म्हणून अशा बायांच्या घरी विचारत फिरतोय. हे तिसरं घर."

काकांनी त्याला खुर्ची दिली. मावशी स्वयंपाकघरात कुत्र्यांचे जेवण ढवळत होत्या. मी माझ्या खिळ्यावर होतो. मावशी नेहमीच रिक्षातून कुत्री आणत, त्यामुळे कोणती कुठून आली हे काकांच्या लक्षात राहत नसे.

"कशी आहे दिसायला?" काकांनी विचारले.

"तपकिरी. कान असे, टोकाला पडलेले. नाव कानस. म्हणजे आमची किल्लीचे दात घासायची खरखरीत पट्टी असते ना, ती. जीभ तशी आहे तिची. आणि गळ्याखाली पांढरा ठिपका. कुलपाच्या भोकासारखा. म्हणून तर ठेवली मी. म्हटलं, देवानं आपल्यासाठीच कापून पाठवलीय."

आत पळीचा आवाज थांबला.

 मग मावशी पळी घेऊनच बाहेर आल्या.

"तुम्ही दवाखान्यात होता, तेव्हा तिला कोण बघत होतं?"

"पेपरवाला पाव ठेवायचा. ती खात नाही मी नसलो की. पण ठेवायचा."

"आणि एरवी ती राहते कुठे?"

"टपरीत. माझ्यासोबत."

"म्हणजे तुम्हीही तिथंच?"

"मागं जागा आहे झोपायपुरती," किल्लीवाला म्हणाला. त्याला वाटले, बाई आपुलकीने विचारत आहेत. फॉर्म भरला जातोय हे त्याला कळले नाही, आणि आपण त्यात नापास झालो हेही.

मावशी म्हणाल्या, "बोर्डावर फोटो आहेत आमच्या कुत्र्यांचे. बघा ओळखू येते का."

मित्रांनो, मावशी खोटे बोलल्या नाहीत. हे मी मुद्दाम सांगतो. त्या नुसते 'फोटो बघा' म्हणाल्या. खोटे बोलायचे काम माझ्याकडे होते.

तो बोर्डासमोर उभा राहिला. अकरा फोटो, अकरा लाल रुमाल. तो एकेका फोटोवरून बोट पुढे नेत होता. परीच्या फोटोपाशी थांबला.

"कान हिच्यासारखे आहेत," तो म्हणाला. "पण ही फार गोरी आहे. माझी अशी चकचकीत नाही." चकचकीत कशी असणार? तेलाखाली तिचा रंग काय आहे हे त्याने कधी पाहिलेच नव्हते. "गळा दिसत नाही हो. सगळ्यांना फडकं कशाला बांधलंय?"

"फडकं नाही, रुमाल," काका म्हणाले. त्यांना ते लागले. "पोर्ट्रेटची पद्धत आहे ती."

किल्लीवाल्याने फोटोतल्या माझ्या गाठीवर नख ठेवले आणि हळूच खरवडले. त्याने आयुष्यभर लोकांची बंद कुलपे उघडून दिली होती. कागदावरची गाठ त्याला सुटेना. मग त्याचे लक्ष खिळ्यावर गेले. त्याने मला हातात घेतले, माझ्यावरचा एक केस चिमटीत उचलून उजेडात धरला.

"तपकिरी आहे."

"साठ कुत्र्यांचे केस आहेत त्यात," काका म्हणाले, आणि तेही खरेच बोलले.

त्याने मला पुन्हा खिळ्यावर लावले. घडी नीट करून लावले. "अजून चार घरं आहेत म्हणे," असे म्हणून तो पोट धरून पायऱ्या उतरला. त्या आठवड्यात त्याच्या पोटाला टाके होते आणि कानशीच्याही. एक तिकडे, एक इकडे, मध्ये मी.

त्या दिवशी मावशी जेवल्या नाहीत. काकांनी विचारले तर म्हणाल्या, "पित्त झालंय."

आठ दिवसांनी नर्सबाई परीला न्यायला आल्या. दारात फोटो झाला. रिवाजाप्रमाणे काका माझी गाठ सोडायला वाकले, तर मावशी घाईने म्हणाल्या, "राहू द्या रुमाल. गार वारा आहे."

वारा नव्हता. झाडाचे पान हलत नव्हते.

"अगं, मग पुढच्याला काय बांधू?"

"दुसरा शिवते मी." आणि नर्सबाईंना म्हणाल्या, "काढू नका हं. तिला सवय झालीय त्याची."

साठ कुत्री गेली, मी मागे राहिलो. एकसष्टावीबरोबर मला घराबाहेर काढले. पुरावा कोणी घरात ठेवत नाही.

नर्सबाईंचे घर छान होते. पाठ टेकायला गादी, ठरल्या वेळी जेवण. वहीत तक्ता आखून त्या परीने किती खाल्ले ते लिहीत. रकान्यांत बहुतेक 'थोडे' असे होते. परी गादीवर बसत नसे. ती दाराशी बसे, तोंड बाहेर. नर्सबाईंकडे किल्ल्यांचा मोठा जुडगा होता, वॉर्डातल्या कपाटांची सवय सुटली नव्हती. तो वाजला की परी ताडकन उठायची, नर्सबाईंकडे बघायची, आणि पुन्हा बसायची. दिवसातून सात-आठ वेळा. प्रत्येक वेळी माझ्याखाली तिचा गळा धडधडायचा आणि मग शांत व्हायचा. मित्रांनो, मला पाय असते तर मी पळून गेलो असतो. मला गाठ होती.

घर दिल्यावर महिन्याने कुत्र्याला बघून यायचे, असा मावशींचा नियम. या वेळी त्या अकराव्या दिवशीच आल्या. काकाही होते, कॅमेरा घेऊन. आल्या आल्या मावशींनी परीच्या गळ्याकडे पाहिले. मी तिथे नव्हतो. मी खिडकीत वाळत होतो.

"रुमालाखाली पुरळ आलं होतं," नर्सबाई म्हणाल्या. "सोडून टाकला मी. आणि बघा, खाली केवढा सुंदर ठिपका आहे. असा ठिपका लपवतं का कोणी?"

काकांनी कॅमेरा डोळ्याला लावला, आणि खाली घेतला. "अगं," ते म्हणाले, "कुलपाचं भोक."

मावशी खिडकीतल्या माझ्याकडे बघू लागल्या.

"तो किल्लीवाला आला होता बघ. त्याची ती..." काका थांबले. छत्तीस वर्षे त्यांनी लोकांचे चेहरे पाहिले होते. त्यांनी बायकोचा पाहिला. "तुला ठाऊक होतं?"

"अहो, फुटपाथवर राहतो तो. पोट कापलेलं. उद्या परत आजारी पडला तर हिचं काय? इथं अंगण आहे, वेळेवर जेवण आहे..." मावशी नर्सबाईंकडे वळल्या. "तुम्हीच सांगा, सिस्टर. चुकलं का माझं?"

नर्सबाईंनी सगळे विचारून घेतले. कोण किल्लीवाला, कधी आला, काय म्हणाला. मावशींनी खाली बघत सगळे सांगितले, पळी थांबली होती तेसुद्धा. नर्सबाईंनी वहीतला 'थोडे, थोडे' असा तक्ता उघडून पाहिला. मग म्हणाल्या, "मावशी, तुमच्या फॉर्मात अकरावा प्रश्न होता. तुम्ही आजारी पडलात तर कुत्र्याकडे कोण बघेल? मी लिहिलं, शेजारी. तुम्ही त्यावर बरोबरची खूण केलीत."

"हो."

"त्याचेही शेजारीच बघत होते ना?"

मावशींना बसायला खुर्ची होती, पण त्या उभ्याच राहिल्या.

नर्सबाईंनी मला खिडकीतून काढले आणि मावशींच्या हातात दिले. मग किल्ल्यांचा जुडगा उचलला. परी ताडकन उठली. "चल," नर्सबाई तिला म्हणाल्या. "या वेळी खरंच जायचंय." त्यांचा आवाज इस्पितळातला होता, सरळ. पण कुलूप लावताना त्यांना तीनदा किल्ली बदलावी लागली.

टपरी उघडी होती. पेपरवाल्याने आधी पाहिले आणि तो नुसताच उभा राहिला. किल्लीवाला मान खाली घालून पितळ घासत होता. मला वाटले होते ती भुंकेल, झेप घेईल. तिने तसले काही केले नाही. ती चालत गेली, टपरी आणि भिंत यांच्यामधल्या आपल्या बोळात शिरली, एकदा गोल फिरली आणि बसली. फिरून आल्यासारखी.

घासण्याचा आवाज बंद झाला. किल्लीवाल्याने खाली पाहिले.

"आलीस?" तो म्हणाला. "जेवलीस का?"

त्याने हात पुढे केला आणि मागे घेतला. "हात काळे आहेत माझे. ही तर धुतलेली आहे." तो इकडे तिकडे फडके शोधू लागला.

मावशींनी मला पुढे केले.

त्याने मला ओळखले. कापडाला ओळखणारी माणसे कमी असतात, त्याने ओळखले. मावशींकडे पाहिले. मावशी म्हणाल्या, "मला त्याच दिवशी कळलं होतं. तुम्ही ठिपक्याचं बोललात तेव्हाच."

किल्लीवाला हात पुसत राहिला. एकेक बोट, सावकाश. मग म्हणाला, "आणखी चार घरं फिरलो मी, बाई. दोन वेळा टाक्यातून रक्त आलं." एवढेच. आवाज चढवला नाही. त्याने चढवला असता तर मावशींना बरे वाटले असते, मलाही. मग त्याने पुसलेला अंगठा कानशीच्या गळ्यावर, त्या ठिपक्यावर ठेवला. ती त्याचा हात चाटू लागली. कानस कशी चालते ते मी त्या दिवशी ऐकले.

तेव्हापासून मी या टपरीत आहे. तेल पुसतो, कीस झटकतो. कंटाळा आला की कानस माझा कोपरा चावते. त्यावर माझे काही म्हणणे नाही. नर्सबाई संध्याकाळी येतात, स्टुलावर बसतात, कानशीला बिस्किट देतात आणि ती खाते का बघतात. त्यांनी पुढे मावशींकडून एक म्हातारा कुत्रा घेतला. फोटोत त्याचा गळा उघडा होता आणि सगळी खरूज दिसत होती. "हाच द्या," त्या म्हणाल्या म्हणे, "काय आहे ते दिसतंय तरी." काका आता रुमालाशिवाय फोटो काढतात. घरे मिळायला वेळ लागतो, पण मिळतात. मावशींच्या फॉर्मात पंधरावा प्रश्न आला आहे. तो घरे देणाऱ्यांना नाही, उचलून आणणाऱ्यांना आहे: उचलण्याआधी आजूबाजूला कोणाला विचारलेत?

मावशी आठवड्यातून एकदा या रस्त्याने डॉक्टरांकडे जातात. टपरी आली की पलीकडच्या बाजूने चालतात. कानस त्यांना लांबून ओळखते, उठते, रस्त्याच्या कडेपर्यंत जाते आणि शेपटी हलवते. तिच्या लेखी त्या तीनदा साबण लावणाऱ्या बाई आहेत, बाकी काही नाही. मावशी हात अर्धा वर करतात आणि पुढे जातात. तेवढा वेळ मी फळीखाली पडून राहतो. त्यांना दिसू नये म्हणून, आणि त्या मला दिसू नयेत म्हणूनही.

तर मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असे मी सांगणार नाही. माझी घेतली, त्याचे काय झाले ते तुम्ही ऐकलेत. रस्त्यावरच्या मुक्या जिवाला मात्र जरूर उचला, त्याला घर शोधून द्या. फक्त त्याच्यासमोर पाव दिसला, तर तो कोणी ठेवला एवढे विचारून घ्या. आणि एखाद्याच्या गळ्यात फार छान रुमाल दिसला, तर तो जरा बाजूला करून बघा. रुमालाला राग येणार नाही. त्याला सुटल्यासारखे वाटेल.